कच्च्या कामाला जागा हवी

मुंबई महापालिकेने २०२२ च्या अखेरीस शहराच्या सुशोभीकरणाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. खर्चाचा आकडा सुमारे १,७०० कोटी रुपये सांगितला गेला. उड्डाणपुलांचे खांब रंगले, भिंतींवर चित्रं आली, विजेच्या खांबांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्या गेल्या. त्यानंतर वर्षभराच्या आतच, नोव्हेंबर २०२३ मध्ये, परळचं दामोदर नाट्यगृह बंद झालं. १९२२ पासून गिरणगावाची करमणूक, भांडणं, सभा आणि नाटकं पाहिलेली ती वास्तू पुनर्विकासाच्या वाटेला लागली. रंगकर्मींनी आवाज उठवला, निवेदनं दिली, प्रकरण मंत्रालयापर्यंत गेलं.

या दोन गोष्टींचा कागदोपत्री काही संबंध नाही. एक महापालिकेचं काम, दुसरी एका जुन्या संस्थेची मालमत्ता. तरी मला त्या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू वाटतात. शहराला कला हवी म्हणजे नेमकं काय हवं? रस्त्यावरून जाताना डोळ्यांना दिसणारी रंगीत भिंत हवी, की ती रंगवणारा, गाणारा, नाचणारा माणूस शहरात टिकून राहावा असं वाटतं? आपण पहिल्यावर खर्च करतो आणि दुसऱ्याला वाऱ्यावर सोडतो, हे माझं म्हणणं आहे.

भिंतीवरच्या चित्रांना माझा मुळीच विरोध नाही. २००९ मध्ये तुळशी पाइप रोडवर रेल्वेची लांबच लांब भिंत लोकांनी रंगवली तेव्हा चित्रकार, विद्यार्थी, हौशी कुटुंबं सगळे ब्रश घेऊन रस्त्यावर उतरले होते. वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके अवतरले ते २०१४ मध्ये. २०१७ मध्ये ससून डॉकमध्ये स्टार्ट इंडिया या संस्थेने मोठं प्रदर्शन भरवलं. ही १८७५ ची गोदी. तिथे पहाटे मासळीचा लिलाव होतो, बायका ओळीने बसून कोळंबी सोलतात आणि बाहेरचा माणूस नाकाला रुमाल लावूनच आत शिरतो. त्या गोदीत कोळी समाजातल्या माणसांचे भले मोठे चेहरे भिंतींवर लागले आणि एरवी कुलाबा कॉजवेच्या पुढे न जाणारे लोक ते पाहायला गर्दी करून आले. जे कधी जहांगीर आर्ट गॅलरीची पायरी चढणार नाहीत त्यांनाही भिंतीवरचं चित्र बसच्या खिडकीतून फुकट मिळतं. ही लहान गोष्ट नाही आणि तिला कोणी नावं ठेवू नयेत.

मात्र भिंतीवरचं चित्र हे पूर्ण झालेलं काम असतं. पाहणाऱ्याला ते तयार मिळतं. चित्र असो, नाटक असो की गाणं, त्याआधीचा सगळा काळ कच्च्या कामाचा असतो. चुकलेले सूर, विसरलेली वाक्यं, फाडून टाकलेली रेखाटनं, सहा महिने खपून शेवटी उभंच न राहिलेलं नाटक. या कामाला प्रेक्षक नसतात, प्रायोजक नसतात, उद्घाटनाची फीत नसते. त्याला फक्त एक खोली लागते, स्वस्त, रोज मिळणारी आणि ‘काय चाललंय इथे?’ असं कोणी विचारणार नाही अशी. मुंबई-पुण्यात आज सगळ्यात दुर्मीळ काही असेल तर ती ही खोली.

आपल्याकडे कला बहरली तेव्हा अशा खोल्या होत्या, हे नीट लक्षात घ्यायला हवं. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये पन्नास-साठच्या दशकांत हुसेन, गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकारांना नाममात्र भाड्यात काम करायला जागा मिळत होती. त्याच आवारात अल्काझींच्या नाटकाची मंडळी होती, रविशंकरांचं संगीत विद्यालय होतं, विजया मेहतांच्या ‘रंगायन’चे प्रयोगही तिथे होत. चित्रकार तालीम बघत उभा राहायचा, नट सतार ऐकायचा. कोणी ‘आंतरशाखीय संवाद’ असं नाव देऊन ते घडवून आणलं नव्हतं. जिना एक होता म्हणून ते घडलं. ती वास्तू आज नाही.

पुढे दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह. ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने १९७४ पासून तिथे प्रयोग सुरू केले आणि बघता बघता त्या शाळेचं नाव एका चळवळीला मिळालं. ना फिरता रंगमंच, ना विंगा, ना वातानुकूलन. खालच्या गल्लीत बटाटेवडा खायचा, जिना चढायचा, मिळेल तिथे बसायचं आणि नटाच्या कपाळावरचा घाम दिसेल इतक्या जवळून नाटक पाहायचं. मराठी प्रायोगिक रंगभूमीचा मोठा भाग त्या एका शाळेच्या सभागृहाने सांभाळला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. तिथून निघावं लागलं तेव्हा ‘आविष्कार’ माहीमच्या महापालिका शाळेत गेली, म्हणजे पुन्हा शाळेतच. पुण्यात १९६३ पासून महाविद्यालयांची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा होते, तिच्या मागेही महाविद्यालयांच्या वर्गांमधल्या आणि पार्किंगमधल्या रात्री-अपरात्रीच्या तालमी आहेत. भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ घुमतो तेव्हा आपण तासाभराची एकांकिका बघतो. तिच्या मागे किती रात्री आहेत ते त्या मुलांनाच माहीत.

आज तालमीला निघालेल्या ग्रुपची तऱ्हा बघा. सात-आठ जण, त्यातले निम्मे नोकरी करणारे. संध्याकाळी सात ते दहा एवढाच वेळ हाताशी. उपनगरात ताशी भाड्याने मिळणारे हॉल आहेत, पण महिनाभर रोज ते घ्यायचे म्हटलं तर प्रयोगाच्या खर्चापेक्षा तालमीचा खर्च जास्त होतो. मग कोणाच्या तरी इमारतीची गच्ची, तिथे दहा वाजता सोसायटीचे सेक्रेटरी वर येतात. मग बाग, तिथे रखवालदार शिट्टी वाजवतो. मग कुणाच्या तरी घरी, आई-वडील लग्नाला गावी गेलेले असतील तेवढेच दिवस. या सगळ्यातून ज्यांचं नाटक उभं राहतं ते गुणी असतात, यात शंका नाही. पण बहुतेकदा त्यांच्यापैकी कोणाकडे तरी मोठं घर असतं किंवा ओळखीतला हॉल असतो, हेही तितकंच खरं. डोंबिवलीच्या वन रूम किचनमधल्या, विरारहून रोज लोकल पकडणाऱ्या मुलीचं नाटक कुठे अडतं? कला परवडणाऱ्यांचीच उरते ती अशी, कोणीही तसं ठरवलेलं नसताना.

जागा गेली की तिच्याभोवतीचा गोतावळाही विस्कटतो. दामोदर हॉलचंच बघू. तो सोशल सर्व्हिस लीगचा, म्हणजे ना. म. जोशींनी १९११ मध्ये गिरणी कामगारांसाठी उभ्या केलेल्या संस्थेचा. तिथे व्यावसायिक नाटकं व्हायची तशीच कामगार नाटकं व्हायची. आणि कोकणातल्या मंडळांचे शक्ती-तुरे आणि नमन या लोककलांचे प्रयोग व्हायचे, ज्यांच्याविषयी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत क्वचितच काही छापून येतं. एका बाजूला शक्तीवाले, एका बाजूला तुरेवाले, मधे ढोलकी किंवा मृदंग. पायात चाळ बांधलेली पोरं गोल धरून नाचतात, शाहीर पदातून सवाल टाकतो, समोरच्याने त्याला पदातूनच जबाब द्यायचा. गण होतो, गौळण होते आणि मग टोलेबाजीला रंग चढतो. पुराणातला संदर्भ चुकला तर प्रेक्षकांतून म्हातारा उठून सांगतो. समोर बसलेले लोक लांजा, राजापूर, संगमेश्वर, गुहागरकडचे. कोणी पूर्वीचा गिरणी कामगार, कोणी आज कुरिअर कंपनीत, कोणी बेस्टमध्ये. तिकिटावर छापलेलं असतं ‘सहाय्यार्थ’. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेचं छप्पर, वाडीची पाण्याची टाकी, कोणाचं तरी ऑपरेशन, यांतलं काहीतरी.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. कलेने समाजकार्याला हातभार लावावा, यावर हल्ली मोठमोठे कार्यक्रम होतात. त्यात व्यासपीठावर बॅनर असतो, कंपन्यांचा निधी असतो, अहवाल असतो. शक्ती-तुऱ्याच्या एका रविवारच्या प्रयोगात हे सगळं कोणताही गाजावाजा न करता होत आलं आहे. तिकीट काढणाऱ्याची करमणूक झाली, कलाकाराला व्यासपीठ मिळालं, गावाला टाकी मिळाली आणि मुंबईत विखुरलेली वाडी तीन तास एका छताखाली आली. करमणूक आणि समाजकार्य असे दोन कप्पे त्या लोकांनी कधी केलेच नाहीत. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं तेही याच गिरणगावाच्या बळावर आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिरांच्या डफाने काय केलं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. नाट्यगृहाच्या भूखंडाची किंमत काढताना यातलं काहीच हिशेबात धरलं जात नाही. चटईक्षेत्राच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नाही.

आणि लोकांना कलेच्या जागेची किंमत नसते, असं मात्र कोणी म्हणू नये. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत गेलं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये ‘पॅलेस थिएटर’ म्हणून बांधलेलं, खासबागच्या कुस्तीच्या मैदानाला पाठ लावून उभं असलेलं. कुस्ती आणि नाटक शेजारी शेजारी नांदावं, ही त्या राजाची दृष्टी. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, गायक-नट केशवराव भोसल्यांची जयंती होती. त्या आगीने कोल्हापूरकर हळहळले, ते घरातलं माणूस गेल्यासारखे. त्यांत वर्षानुवर्षं नाटक न पाहिलेलेही होते. कारण तिथे कोणाचं गॅदरिंग झालं होतं, कोणाच्या बहिणीचं अरंगेत्रम झालं होतं, कोणाच्या आजोबांनी पडदे ओढले होते.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते खरे आहेत. पहिला आक्षेप असा की ज्या शहरात माणसांना राहायला जागा नाही तिथे नाटकवाल्यांना स्वस्तात खोल्या कशाला? वाजवी प्रश्न आहे. म्हणूनच नवीन इमारती बांधा, असं मी म्हणत नाही. महापालिकेच्या शाळा वॉर्डावॉर्डात उभ्या आहेत. मराठी माध्यमाचे कित्येक वर्ग पट घसरल्यामुळे रिकामे पडलेत, याचं दुःख वेगळं आणि मोठं आहे, आणि ते वर्ग मुलांनी भरावेत हीच पहिली इच्छा. पण भरलेल्या शाळासुद्धा संध्याकाळी सहानंतर कुलूपबंदच असतात. इमारत करदात्यांची, वीज आहे, पंखे आहेत, मोरी आहे, रखवालदार आहे. तिथे सहा ते दहा तालीम, रियाज, चित्रकलेचा वर्ग, वस्तीतल्या पोरांचं ढोल-ताशा सोडून काहीही (शेजाऱ्यांच्या कानांचाही विचार करायला हवा) चालू शकतं. एक पैचंही बांधकाम लागत नाही.

अशी तालीम ज्यांनी केली आहे त्यांना ती खोली डोळ्यांसमोर येईल. बुटके बाक भिंतीला सरकवायचे. खडूने फरशीवर रंगमंचाची चौकट आखायची, दाराच्या जागी दोन दप्तरं. दोन बाक जोडले की सोफा, डस्टर म्हणजे फोन. फळ्याच्या कोपऱ्यात सकाळच्या बाईंच्या अक्षरात ‘एकूण पट ४१, हजर ३६’ लिहिलेलं असतं. ते पुसायचं नाही हा अलिखित नियम. दहाला पाच कमी असताना रखवालदारकाका दारात येऊन उभे राहतात आणि बहुतेकदा शेवटचा प्रवेश संपेपर्यंत तिथेच उभे राहतात. बाक पुन्हा जागेवर लावायचे, खडूच्या रेघा ओल्या फडक्याने पुसायच्या. सकाळी मुलांना काही कळतही नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. मुलांच्या शाळेत बाहेरची माणसं नकोत, ही काळजी रास्त आहे. त्यावर उपायही साधे आहेत. तळमजल्यावरचे ठरावीक वर्ग, स्वतंत्र फाटक, नोंदवही, ओळखपत्र आणि त्या वेळेसाठी एका माणसाला रीतसर जादा पगार. तो पगार नाममात्र शुल्कातून निघतो. निवडणुकीच्या दिवशी याच शाळांमध्ये हजारो अनोळखी माणसं येऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी शाळा व्यवस्थित भरते. इच्छा असली की व्यवस्था होते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो आपल्या सगळ्यांवर येतो. खोल्या दिल्या, नाटकं झाली, तरी बघायला येतं कोण? प्रायोगिक नाटकाच्या प्रयोगाला चाळीस माणसं, त्यातली बारा कलाकारांच्या घरची. हे चित्र खरं आहे. त्यामागे एक सवय आहे, पासाची. आपला मित्र नाटकात काम करतो म्हटल्यावर आपण पहिलं विचारतो, ‘पास आहेत का?’ त्याच मित्राने हॉटेल काढलं असतं तर पहिल्याच दिवशी फुकट जेवण मागायला आपली जीभ रेटली नसती. ओळखीच्या चित्रकाराने लग्नाची पत्रिका ‘अशीच’ काढून द्यावी, गाणाऱ्या भाचीने गणपतीत ‘दोन गाणी म्हणून टाकावीत’, शाहिराने सोसायटीच्या पूजेला शाल-श्रीफळावर यावं. हे आपण प्रेमानेच मागतो. पण ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्या श्रमाचे पैसे देणं हा त्या प्रेमाचा पहिला भाग असायला हवा. तिकीट काढून नाटक बघणं, चित्र आवडलं तर छोटं का होईना विकत घेणं, याहून मोठा आश्रय सामान्य माणूस देऊ शकत नाही. आणि त्यात उपकार कसला? आनंदही आपणच लुटतो. जहांगीरच्या बाहेर फुटपाथवर बसणाऱ्या चित्रकारांसमोर फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. त्यातल्या दर दहांपैकी एकाने व्यक्तिचित्र काढून घेतलं तरी त्यांचा दिवस वेगळा जाईल.

भिंतींच्या कामातही हा पैशाचा प्रश्न विचारायला हवा. स्टार्ट इंडियाचे सहसंस्थापक हनीफ कुरेशी, जे २०२४ मध्ये फार लवकर गेले, यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरवळणं जपण्यासाठी मोठं काम केलं होतं. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या ओळी, लाकडी शिड्या घेऊन फिरणारे पेंटर, हे सगळं फ्लेक्सने गिळलं. कुरेशींनी त्या पेंटरांना कलाकार मानलं, त्यांची अक्षरं त्यांच्या नावासकट फॉन्टमध्ये उतरवली. सुशोभीकरणाच्या कंत्राटात ही दृष्टी असायला काय हरकत आहे? ज्या वस्तीची भिंत आहे त्या वस्तीतला पेंटर कामावर हवा, त्याचं नाव चित्राखाली हवं, आणि दोन-चार पावसाळ्यांनी रंग उडाले की डागडुजीचं काम आणि त्याचे पैसेही त्यालाच मिळायला हवेत. नाहीतर चित्र उतरतं, त्यावर पोटनिवडणुकीचं पोस्टर चिकटतं आणि सुशोभीकरणाची पुढची निविदा निघते.

सगळी जबाबदारी सरकारवर टाकून मोकळं व्हावं, असंही मी म्हणत नाही. पुण्यात महाराष्ट्र कल्चरल सेंटरने हिराबाग चौकात डॉ. श्रीराम लागू यांच्या नावाने लहान नाट्यावकाश उभं केलं, सुदर्शन रंगमंच कित्येक वर्षं चालवला, ही संस्थांच्या आणि देणगीदारांच्या हिमतीची कामं आहेत. जुहूच्या पृथ्वी थिएटरने १९७८ पासून दोनशे खुर्च्यांच्या जोरावर दाखवून दिलंय की लहान जागा नेटाने चालवली तर तीन पिढ्यांचे नट घडवते. पण देणगीदार प्रत्येक वॉर्डात नसतात. चेंबूर, मानखुर्द, नालासोपारा, पिंपरीची गावठाणं, नाशिकचं सातपूर, सोलापूरची विडी घरकुलं, इथे पृथ्वी थिएटर कोणी काढणार नाही. शाळा मात्र तिथे सगळीकडे आहे.

आणि आहेत गणेशोत्सव मंडळं. मंडळांकडे महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी, सगळ्यात जुनी आणि स्वतःच्या पैशावर उभी असलेली सांस्कृतिक यंत्रणा आहे. मेळे तिथे झाले, व्याख्यानं झाली, कित्येक मोठ्या नटांचं पहिलं काम मंडपातल्या फळ्यांवर झालं. आजही मंडळं रक्तदान शिबिरं भरवतात, ग्रंथालयं चालवतात, लालबागच्या राजाचं मंडळ डायलिसिस केंद्र चालवतं. मंडळाच्या कार्यालयाची खोली वर्षाचे दहा महिने कॅरम आणि वर्गणीच्या पावत्यांसाठी असते. ती खोली संध्याकाळी चार पोरांच्या एकांकिकेला, एखाद्या तबला शिकवणाऱ्या गुरुजींना, वस्तीतल्या भजनी मंडळाला द्यायला मंडळाची एक बैठक पुरेल. मिरवणुकीतल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतींवर एका रात्रीत जो पैसा उडतो त्यातला थोडा बाजूला काढला तर वर्षभर पुरून उरेल. हे मी मंडळांवर टीका म्हणून लिहीत नाही. त्यांच्याकडून अपेक्षा आहे, कारण ती करायची तर आणखी कोणाकडून करणार?

तेव्हा वाचकांना माझी एक विनंती आहे. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला आणि वॉर्ड ऑफिसला लेखी विचारा की या प्रभागात महापालिकेच्या शाळा किती, संध्याकाळी सहानंतर त्यातले कोणते वर्ग रिकामे असतात, ते सांस्कृतिक कामासाठी द्यायचं शुल्क काय, अर्ज कोणाकडे करायचा आणि किल्ली कोणाकडे असते. उत्तर लेखीच मागा. एका इमारतीतल्या दहा जणांनी सह्या केल्या तर अर्जाला वजन येतं, एखाद्या मंडळाने किंवा महिला बचत गटाने लेटरहेडवर दिला तर आणखी. आणि तोवर येत्या शनिवारी घराजवळ जो कोणता लहान प्रयोग लागला असेल त्याचं तिकीट काढा, पूर्ण किमतीचं.